बुगिस स्ट्रीट ते नील रोड : मांडलेल्या आणि उचललेल्या टेबलांचा इतिहास

सिंगापूरचं राष्ट्रीय ग्रंथालय व्हिक्टोरिया स्ट्रीटवर आहे. २०१९च्या फेब्रुवारीत मी तिथल्या संदर्भ विभागात सलग आठ दिवस बसलो. काम कलम ३७७चं होतं. आपल्या दंडविधानातलं हे कलम समुद्रापलीकडे कुठे गेलं आणि तिथे त्याचं पुढे काय झालं, याची टिपणं मी काही वर्षं काढत होतो. दुपारी खाली उतरायचं, शेजारच्या बुगिस जंक्शन नावाच्या मॉलमध्ये काहीतरी खायचं आणि परत वर जायचं, असा माझा क्रम. चौथ्या दिवशी जुना नकाशा उघडला, तेव्हा लक्षात आलं की ज्या रस्त्याबद्दल मी सकाळभर जुन्या वर्तमानपत्रांत वाचत होतो, त्याच रस्त्याच्या अंगावर बसून मी चार दिवस जेवत होतो. मूळ बुगिस स्ट्रीट या मॉलच्या इमारतींच्या मधोमध दबला आहे. व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या पलीकडे ‘बुगिस स्ट्रीट’ अशी मोठी पाटी मिरवणारा, टी-शर्ट आणि फळांचे रस विकणारा एक बाजार आहे. पर्यटक त्यालाच खरा समजून फोटो काढतात. तो खरा नव्हे.

त्या दिवसापासून कलम थोडं बाजूला राहिलं आणि मी टेबलांच्या मागे लागलो. समलिंगी आणि पारलिंगी माणसं या शहरात रात्री कुठे बसत, काय खात-पीत, आणि त्यांना तिथून कोण, कसं उठवत असे? वरवर हा प्रश्न संशोधनाच्या तोलाचा वाटत नाही. मलाही वाटला नव्हता. पण एखादा कायदा माणसाच्या आयुष्यात नेमका कुठे येऊन बसतो, हे निकालपत्रांपेक्षा मद्यपरवान्यांतून अधिक कळतं, असं आता माझं मत झालं आहे.

आधी कायद्याचं थोडक्यात. १ एप्रिल १८६७पर्यंत सिंगापूर ब्रिटिश हिंदुस्थानच्या कारभाराखाली होतं. मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदीही तिकडे पाठवले जात. तिथलं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदुस्थानी कैद्यांच्याच हातांनी उभं राहिलं. हिंदुस्थानपासून वेगळं झाल्यावरही कायदा मात्र आपलाच राहिला. मेकॉलेच्या १८३७च्या मसुद्यातून १८६०चं भारतीय दंडविधान आलं, आणि त्याच्या नमुन्यावर १८७१ साली ‘स्ट्रेट्स सेटलमेंट्स’ या वसाहतीचं दंडविधान झालं. कलमाचा आकडासुद्धा तोच, ३७७. पुढे १९३८ साली त्याला ३७७अ हे शेपूट जोडलं गेलं. हे मात्र थेट लंडनचं. ऑस्कर वाइल्डला ज्या १८८५च्या दुरुस्तीखाली तुरुंगात टाकलं, तिची ही नक्कल. दोन पुरुषांमधल्या ‘घोर असभ्य’ वर्तनाला दोन वर्षांपर्यंत कैद, आणि ते वर्तन चारचौघांत झालेलं असो की बंद दाराआड, कायद्याला फरक नव्हता. स्त्रियांचा त्यात उल्लेखच नाही.

घराच्या बंद दाराला कायद्याने काही किंमत ठेवली नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. शिवाय सिंगापुरात घर ही गोष्टच सरकारच्या हातातली. बहुसंख्य लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या सदनिकांत राहतात आणि त्या सदनिका कुटुंबासाठी असतात. अविवाहित माणसाला एकट्याच्या नावावर अशी सदनिका विकत घ्यायची सोय १९९१मध्ये झाली, तीही वयाच्या पस्तिशीनंतर. तोवर आईवडिलांच्या घरी, भावंडांच्या खोलीत. अशा माणसाला दिवाणखाना हवा असेल तर तो घराबाहेरच शोधावा लागणार. इथल्या बारकडे मी त्या नजरेने पाहतो. मौजमजा होतीच, पण दारू हे पुष्कळदा बसायला मिळालेल्या खुर्चीचं भाडं होतं.

बुगिस स्ट्रीटची ख्याती दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९५०च्या दशकापासून संध्याकाळ झाली की फेरीवाले रस्त्यावर चुली, कढया मांडत. घडीची टेबलं, स्टुलं लागत. सागरी खाणं, नूडल्स आणि थंड बिअर. पहिल्या प्रहरात गिऱ्हाईक साधंच असे. मध्यरात्रीनंतर पारलिंगी स्त्रिया नटूनथटून येत, टेबलांमधून फिरत, बसत. त्यांना पाहायला ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे खलाशी आणि शिपाई येत, पुढे व्हिएतनाम युद्धातून सुट्टीवर आलेले अमेरिकनही. बरोबर बसून फोटो काढायचा तर पैसे पडत. लहान मुलं टेबलाटेबलाशी जाऊन खलाशांशी फुल्ली-गोळा खेळत, पैज लावून, आणि बहुधा जिंकत. रस्त्यावर सपाट छपराचं एक सार्वजनिक शौचालय होतं. त्या छपरावर चढून खलाशी जो नाच करीत, त्याचं वर्णन दिवाळी अंकात करणं संपादकांना अडचणीचं होईल.

परदेशी प्रवासवर्णनांत या रस्त्याचा नुसता तमाशा दिसतो. मला त्यातली खाण्याची बाजू महत्त्वाची वाटते. ज्यांना दिवसा नोकरी मिळत नव्हती, त्यांना रात्री इथे टेबल मिळत होतं, आणि त्या होत्या म्हणून फेरीवाल्याची बिअर खपत होती. नोकरी, नातं, कागदपत्रं यांपैकी कशाचाही आधार नसताना हा व्यवहार तीसेक वर्षं टिकला, कारण दोन्हीकडच्यांचं पोट त्यावर होतं. आणि सरकारची नजर या स्त्रियांकडे नुसत्या तिरस्काराची होती असंही नाही. ३० जुलै १९७१ रोजी डॉ. शान रत्नम यांनी सिंगापूरच्या कांडांग केर्बाऊ रुग्णालयात तिथली पहिली लिंगबदल शस्त्रक्रिया केली. १९७३पासून अशा व्यक्तीला ओळखपत्रावरचं लिंग बदलून मिळू लागलं. त्या काळी आशियात हे फार पुढचं पाऊल होतं. शरीर बदलायला सरकार मदत करत होतं. रस्त्यावर बसू द्यायचं की नाही, हा मात्र वेगळा प्रश्न.

तो प्रश्न नीतिमत्तेच्या नव्हे, आरोग्य खात्याच्या मार्गाने सुटला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून शहरातल्या रस्त्यांवरचे फेरीवाले उचलून नळ, गटार, परवाना असलेल्या खाद्यकेंद्रांत बसवण्याची मोहीम चालू होती. १९८६पर्यंत ती पुरी झाली. सिंगापूरच्या स्वच्छतेचं आपल्याकडे जे अखंड कौतुक चालतं, त्यातला बराचसा भाग या मोहिमेचा. मला ते कौतुक अमान्य नाही. परंतु त्याच झाडूने बुगिस स्ट्रीटची टेबलंही गेली. त्यातच भुयारी रेल्वेचं काम आलं आणि १९८०च्या दशकाच्या मध्यावर रस्ता पाडण्यात आला. पीटर बोग्दानोविच यांच्या ‘सेंट जॅक’ या १९७९च्या चित्रपटात त्या रस्त्याची थोडी दृश्यं आहेत, पण खुद्द सिंगापुरात तो चित्रपट २००६पर्यंत बंद होता. म्हणजे रस्ता पाडला आणि त्याचं चित्रही दाखवू दिलं नाही.

मग पर्यटकांची ओरड झाली. जुनं सिंगापूर कुठे गेलं, असं ते विचारू लागले. तेव्हा पर्यटन मंडळाच्या पुढाकाराने १९९१मध्ये पलीकडच्या बाजूला नवा बुगिस स्ट्रीट बांधण्यात आला. वास्तू आल्या, फेरीवाले आले, पण ज्यांच्यामुळे रस्ता जागा राहत होता त्या स्त्रिया काही पूर्वीसारख्या आल्या नाहीत. त्यांच्या जागी आला रंगमंच. ‘बूम बूम रूम’ नावाच्या नाइटक्लबमध्ये स्त्रीवेषातला भारतीय वंशाचा विनोदी नट कुमार सरकारची, भाषांची, जातीजमातींची टवाळी करी आणि प्रेक्षक हसून लोळत. त्या शहरात एरवी जे छापता येत नसे ते लुगडं नेसून बोलता येत होतं, असं म्हणायला हरकत नाही. (लुगडं म्हणजे अर्थात पायघोळ चमचमता झगा, तमाशा रंगभूमी पाहिलेल्या वाचकाला नात्याची कल्पना येईल.) टेबलावर शेजारी बसणं वेगळं आणि रंगमंचावरून हसवणं वेगळं. पहिल्याला परवानगी नव्हती, दुसऱ्याला होती.

समलिंगी पुरुषांची वाट यापेक्षा निराळी, आणि शांत. ते हॉटेलांत गेले. १९७०च्या दशकात ऑर्चर्ड रोड आणि त्याच्या आसपासच्या मोठ्या हॉटेलांतले बार, उदाहरणार्थ पेबल बार किंवा हॉलिडे इनमधला ट्रीटॉप्स, ही त्यांची ठिकाणं. पाटी नाही, जाहिरात नाही. तुम्ही कोट घालून आलात, बिल भरलंत, की तुम्ही कोण हे विचारायचं कारण वेटरला नसे. पुढे डिस्को आले. आठवड्यातली एक रात्र, बहुधा रविवारची, या गिऱ्हाइकांची. त्यामागे औदार्य कमी, हिशेब जास्त. दुसऱ्या दिवशी कामाचा सोमवार, म्हणून डिस्कोचा मालक रविवारी रिकाम्या फरशीकडे पाहत बसलेला. तर मग भरणाऱ्याने भरावी. जगातल्या कितीतरी शहरांत अशा लोकांच्या वाट्याला आठवड्यातली पडेल रात्रच आलेली दिसते.

अशाच एका रविवारी, ३० मे १९९३ रोजी, पॅन पॅसिफिक हॉटेलातल्या ‘रास्कल्स’ डिस्कोवर पोलीस आले. संगीत बंद, दिवे चालू, ओळखपत्रं काढा. ज्यांच्याजवळ ती नव्हती त्यांना ठाण्यावर नेलं. असं पूर्वीही होई आणि लोक मुकाट्याने जात. या वेळी मात्र तिथे असलेल्या एका वकिलाने पोलिसांना पत्र लिहिलं आणि आणखी काही जणांनी त्याखाली स्वतःच्या नावाने सही केली. नावानिशी सही, हे या गोष्टीतलं सगळ्यात अवघड काम. पोलिसांकडून दिलगिरीचं उत्तर आलं. त्यानंतर डिस्कोंवरच्या अशा धाडी जवळजवळ थांबल्या.

आत बसलेले सुटले, बाहेरचे नाही. त्याच वर्षीच्या उत्तरार्धात तांजोंग ऱ्हू या समुद्रकाठच्या निर्जन भागात साध्या वेषातल्या पोलिसांनी गिऱ्हाईक असल्यासारखं वागून बारा पुरुषांना पकडलं. वर्तमानपत्रात बातमी छापून आली. काहींना कैदेबरोबर वेताचे फटकेही झाले. नववर्षाच्या आदल्या रात्री पार्कवे परेड या मॉलमध्ये जोसेफ एंग या तरुण कलावंताने त्या बातमीची कात्रणं जमिनीवर मांडली, त्यांवर टोफूच्या लाद्या आणि तांबड्या रंगाच्या पिशव्या ठेवल्या आणि त्या वेताने फोडल्या. शेवटी प्रेक्षकांकडे पाठ करून त्याने स्वतःचे गुह्यकेश कापले. बोभाटा झाला तो या शेवटच्या कृतीचा. त्याला दंड झाला आणि असल्या सादरीकरणांना मिळणारी सरकारी मदत दहा वर्षं गोठली. जुन्या अंकांत मी ही सगळी प्रकरणं वाचली, तेव्हा एक गोष्ट खुपत राहिली. या माणसांविषयी छापील मजकूर शोधायला गेलं की ती दिसतात फक्त पकडली गेल्यावर. शांतपणे जेवून घरी गेलेल्या हजारो रात्रींची नोंद कुठेच नाही.

२०००नंतर वारं फिरलं. त्याचं कारण अर्थकारणात आहे. हुशार, हिंडते-फिरते, परदेशी शिकलेले लोक शहरात टिकायचे तर शहर इतकं कडक चालणार नाही, हे राज्यकर्त्यांना उमगलं. २००३च्या जुलैत पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी ‘टाइम’ साप्ताहिकाला सांगितलं की समलिंगी व्यक्तींना सरकारी नोकरीत, संवेदनशील पदांवरही, घेतलं जाईल. त्याच वर्षी बारच्या काउंटरवर चढून नाचायलाही परवानगी मिळाली. दोन्ही सुधारणा एका मोसमात आल्या याचं मला हसू येतं. पण परवाना देणाऱ्याच्या नजरेत त्या एकाच जातीच्या होत्या. दरम्यान ‘फ्रायडे’ या कंपनीने राष्ट्रीय दिनाच्या सुमारास ‘नेशन’ नावाच्या मोठ्या नृत्यमेळाव्याला २००१मध्ये सुरुवात केली होती. २००४ सालच्या मेळाव्याला आठ हजारांच्या आसपास लोक आले, त्यांत परदेशी पाहुणे पुष्कळ. त्याच डिसेंबरात पुढच्या मेळाव्याला परवाना नाकारला गेला. २००५च्या मार्चमध्ये आरोग्य खात्याचे वरिष्ठ राज्यमंत्री बालाजी सदाशिवन यांनी एचआयव्हीच्या वाढीमागे असे मेळावे असू शकतील, ही शक्यता संसदेत बोलून दाखवली. ‘नेशन’ थायलंडमध्ये फुकेतला गेला. परवाना देणारा हात परवाना काढूनही घेतो. आणि घेतला तर दाद मागायला जागा नव्हती, कारण मूळ कायद्याच्या दृष्टीने आलेले सगळे पुरुष गुन्हेगारच होते. २००७मध्ये जुनं ३७७ रद्द झालं, पण ३७७अ मुद्दाम ठेवण्यात आलं. पंतप्रधान ली सिएन लूंग म्हणाले, ठेवू, पण सरकार होऊन वापरणार नाही. पंधरा वर्षं हे असंच चाललं.

या पंधरा वर्षांतलं मुख्य ठिकाण म्हणजे नील रोड. चायनाटाउनच्या दक्षिणेला तांजोंग पागार भाग आहे. तिथे तळमजल्यावर दुकान आणि वर घर अशा अरुंद, खोल जुन्या इमारती आहेत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्या पाडायच्या नाहीत असं ठरलं. दर्शनी भाग जपायचा, आत व्यवसाय करायचा. अरुंद दर्शनी भाग आणि आत लांबच लांब खोली ही रचना असल्या बारना फार सोयीची. रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही. १९०३ साली बांधलेलं हातरिक्षांचं जुनं स्थानक त्याच रस्त्याच्या तोंडाशी उभं आहे. ‘टॅबू’ची नाचायची फरशी, ‘टँट्रिक’चं झाडं लावलेलं अंगण, ‘डीवायएमके’, आणि जवळच चायनाटाउनमधल्या ट्रेंगानू स्ट्रीटवरचे गॅलरीवाले छोटे बार. स्त्रियांसाठी ठिकाणं थोडी. कायद्याने त्यांना हात लावला नव्हता आणि शहरानेही त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून फारसं पाहिलं नाही. ट्रेंगानू स्ट्रीटवरून पॅगोडा स्ट्रीट धरून सरळ चाललं की तुम्ही १८२७ सालच्या मरिअम्मन मंदिराशी पोहोचता. दर वर्षी दिवाळीच्या काही दिवस आधी तिथे निखाऱ्यांवरून चालण्याचा सोहळा होतो आणि पाहणाऱ्यांच्या गर्दीने गल्ल्या भरून जातात.

नील रोडवर मी दोन संध्याकाळी गेलो. काही विशेष घडलं नाही. ऑफिसातून आलेली माणसं बसली होती, कुणी वरिष्ठाविषयी कुरकुरत होतं, एक जण आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेविषयी सांगत होता. मी बिअर घेतली आणि तिच्या किमतीने हबकलो.

पुढचा भाग आपल्याकडून सुरू होतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३७७ची धार काढली. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, सिंगापूरच्या उच्च न्यायालयात ३७७अ विरुद्ध याचिका दाखल झाली. याचिकाकर्ता होता जॉन्सन ओंग, ‘बिग किड’ या नावाने नाइटक्लबांत गाणी वाजवणारा डीजे. मागाहून आणखी दोघांनी याचिका केल्या. त्यांतले एक रॉय टॅन सेंग की, निवृत्त डॉक्टर. हे गृहस्थ कितीतरी वर्षं स्वतःच्या हौसेने शहरातल्या समलिंगी ठिकाणांचा इतिहास जमवत होते. कुठला बार, कुठल्या मजल्यावर, कुठल्या सालापर्यंत. आज या विषयात पुढे जायचं तर त्यांच्या टिपणांना वळसा घालता येत नाही. मीही वाणिज्य शाखेचा पदवीधर, पीएचडी नाही, विद्यापीठ नाही. त्यामुळे अंतिम निकालावर इतिहास जमवणाऱ्या एका हौशी माणसाचं नाव छापलेलं पाहिलं, तेव्हा मला थोडा कौटुंबिक आनंद झाला हे कबूल करतो. २८ फेब्रुवारी २०२२ला सर्वोच्च अपील न्यायालयाने कलम रद्द केलं नाही, पण ते अमलात आणता येणार नाही असं म्हटलं. त्या ऑगस्टात पंतप्रधानांनी रद्द करण्याची घोषणा केली, २९ नोव्हेंबरला संसदेने ठराव केला आणि ३ जानेवारी २०२३पासून ३७७अ संपलं. त्याच वेळी विवाहाची व्याख्या न्यायालयात आव्हान देता येऊ नये म्हणून राज्यघटनेत दुरुस्तीही झाली. मधल्या काळात, साथीमुळे, २०२०च्या मार्चपासून २०२२च्या एप्रिलपर्यंत शहरातले नाइटक्लब बंद होते. कायदा जायच्या वेळी ज्यांनी तो रात्रीमागून रात्री सोसला, त्यांतली काही दारं परत उघडलीच नाहीत.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती माझ्या बाजूची नाही.

ग्रंथालयातल्या ओळखीतून एका वृद्ध गृहस्थांशी माझी भेट ठरली होती. बुगिस स्ट्रीट त्यांनी तरुणपणी पाहिला होता. आम्ही मॅक्सवेल खाद्यकेंद्रात भेटलो. दुपारची गर्दी, सिंगापुरी रीतीप्रमाणे त्यांनी आधीच टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट टाकून जागा अडवून ठेवली होती. मी वही उघडली. नाव, जन्मसाल, तेव्हा राहायचे कुठे, कुणाबरोबर जायचे, किती वेळा. ते ओळीने वाचत गेले, मग वही बोटाने माझ्याकडे सरकवली आणि भाताकडे वळले. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं. रास्कल्सच्या रात्री पोलिसांनी विचारलं ते हेच. वर्तमानपत्राने बारा जणांविषयी छापलं तेही हेच. इतिहास जमवण्याच्या सबबीवर मी पुन्हा तोच तक्ता भरायला निघालो होतो. मी वही मिटली आणि वेड्यासारखं विचारलं की तिथे खायला काय चांगलं मिळायचं.

यावर ते तासभर बोलले. कुठल्या गाडीवाल्याचं मिरचीतलं खेकड्याचं कालवण, कुठे बर्फ उधार मिळे, पावसाची सर आली की टेबलं कुठल्या ओट्याखाली ओढत, कुठल्या टेबलावरून रस्त्याचं दोन्हीकडचं टोक दिसे आणि म्हणून ते सगळ्यात आधी भरे. मग माझ्याकडून पेन मागून घेऊन त्यांनी रुमालांच्या पाकिटाच्या पाठीवर नकाशा काढला. शौचालय, चुली, बाजूची गल्ली, टेबलांचे चौकोन. एक चौकोन त्यांनी दोनदा गिरवला. नाव त्यावर एकही नाही. ते पाकीट मी त्याच स्थितीत जपून ठेवलं आहे. आत अजून तीन रुमाल आहेत.